बाप्तिस्म्यानंतरची पंगत

1736 साली गोव्याच्या इन्क्विझिशनने नवख्रिस्ती लोकांसाठी एक लांबलचक फर्मान काढले. घराजवळ तुळस लावायला बंदी. लग्नात विडे वाटायला बंदी. पुरुषांनी धोतर नेसायचे नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. आणि भात आळणी शिजवायचा नाही. कारण हिंदू लोक भात बिनमिठाचा शिजवतात आणि मीठ वरून घेतात. एखाद्याचे तारण खरोखर झाले आहे की नाही, हे पाहायला धर्माधिकारी त्याच्या चुलीवरच्या भांड्यापर्यंत पोहोचले होते. त्याच गोव्यात, त्याच काळात, बामण, चारडो आणि सुदिर या जाती चर्चच्या छताखाली सुखाने नांदत होत्या. कोणत्या फेस्ताचा मान कोणाचा, मिरवणुकीत कोणत्या रंगाचा झगा कोणी घालायचा, कोणत्या कॉन्फ्रारियात, म्हणजे चर्चच्या बंधुमंडळात, कोणाला प्रवेश, हे सारे जातीवर ठरत होते. सोयरीक तर जातीबाहेर होतच नव्हती. भातातले मीठ तपासले गेले, जात कोणी तपासली नाही.

हा गोव्यापुरता किंवा पोर्तुगिजांपुरता विषय असता तर इतिहास म्हणून सोडून देता आला असता. पण ख्रिस्ती झालेल्या माणसाने आपली नवी ओळख जगायची म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाला आपल्याकडे गेली चारशे वर्षे बहुतेक असेच उत्तर मिळत आले आहे. नाव बदला, पोशाख बदला, सण बदला, गाण्याची चाल बदला. विरोधकांचा आक्षेपही नेमका याच गोष्टींवर असतो: यांनी नाव सोडले, कुंकू सोडले, संस्कृती सोडली. दोन्ही बाजू एकाच जागी बघत आहेत, आणि माझ्या मते ती जागा चुकीची आहे. मी हे ख्रिस्ती म्हणून लिहितो आहे. माझे म्हणणे असे की, आपण जे निरुपद्रवी होते ते टाकून दिले आणि जे मरायला हवे होते ते जपून ठेवले.

नव्या करारात जुना माणूस काढून ठेवण्याची आणि नवा माणूस धारण करण्याची भाषा पौलाची आहे. प्रवचनांत ती आपण इतक्या वेळा ऐकतो की ती वापरणाऱ्यापुढे प्रत्यक्ष कोणता पेच होता, हे विसरून जातो. पेच जेवणाचा होता. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल अंत्युखियातला प्रसंग सांगतो. तिथल्या मंडळीत यहुदी आणि विदेशी, म्हणजे यहुदी नसलेले, एकत्र जेवत असत. पेत्रही त्यांच्यात बसत असे. मग यरुशलेमहून, याकोबाकडून, काही मंडळी आली आणि पेत्र हळूहळू विदेश्यांपासून बाजूला होऊ लागला. त्याचे पाहून बाकीचे यहुदी उठले. पौलाचा जवळचा सोबती बर्णबा, तोसुद्धा वाहवला. पौलाने पेत्राला सर्वांसमोर धारेवर धरले.

पेत्राचे मत बदललेले नव्हते, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. विदेश्याच्या घरी जाण्याचा धडा त्याला कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या वेळी मिळालाच होता. विचारले असते तर त्याने बिनचूक सिद्धान्त सांगितला असता. मत तेच राहिले, फक्त बसायची जागा बदलली. आणि पौलाला तेवढ्यात सुवार्तेचा विपर्यास दिसला. ख्रिस्ताने जोडलेली माणसे पाहुण्यांच्या धाकाने वेगळ्या पानांवर बसणार असतील, तर नवा जन्म हे नुसते बोलणे ठरते, असा त्याचा रोख आहे.

दुसरीकडे हाच पौल आपला तरुण सोबती तीमथ्य याची सुंता करवून घेतो. मांस खावे की भाजीच खावी, अमुक दिवस पाळावा की न पाळावा, याबद्दल रोमकरांना लिहिताना तो कमालीचा मोकळा आहे: ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी आणि दुसऱ्याला तुच्छ लेखू नये. म्हणजे चालीरीतींशी त्याचे वैर नव्हते. यहुद्याने यहुदीपण सोडावे असे तो म्हणाला नाही, विदेश्याने यहुदी व्हावे असेही म्हणाला नाही. एवढ्यावरून मला एक कसोटी हाती लागल्यासारखी वाटते. जी चाल भावाला पानावरून उठवते ती जुन्या माणसाची. जी कोणाला उठवत नाही ती ठेवली काय आणि सोडली काय, तारणाला त्याने फरक पडत नाही.

गंमत अशी की पंगतीचे हे महत्त्व आमच्या धर्माधिकाऱ्यांपेक्षा पुण्याच्या सनातन्यांना जास्त कळले होते. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता हात लावला. पुढे हजर असलेल्यांची यादी वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे एरवी एकमेकांविरुद्ध उभे असणारे दोघेही त्या यादीत होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि शेवटी रानड्यांसारख्या माणसालाही घरच्यांच्या आणि मित्रांच्या अडचणीपायी प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्या खोलीत कोणी येशूला प्रभू म्हटले नव्हते. बायबल वाचल्याबद्दल, येशूची स्तुती केल्याबद्दल पुण्यात कोणाला वाळीत टाकले जात नव्हते. बाट होता तो कपात. माणूस कोण आहे हे तो काय मानतो यावर ठरत नाही, कोणाच्या हातचे घेतो यावर ठरते, हे त्या समाजाला पक्के ठाऊक होते.

म्हणूनच लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट मला इतर कोणत्याही धर्मांतराच्या कथेपेक्षा मोलाची वाटते. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांना 1893 मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनाने टिळकांना धरले ते धरलेच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही हट्टाने देशी पाळकाच्या हातून. पुढची काही वर्षे नवराबायको वेगळी राहिली. त्यांनी काय सोसले ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या मराठी माणसाला सांगायला नको. लक्ष्मीबाई नंतर नवऱ्याकडे परतल्या, तरी आपले सोवळेओवळे त्यांनी सोडले नव्हते. मग एके दिवशी विचार करता करता त्यांचा त्यांनाच उलगडा झाला की, हे भेद देवाने केलेले असणे शक्य नाही, हे माणसांनीच केले. त्या दिवसापासून त्या कोणाच्याही हातचे पाणी प्यायला, अन्न खायला तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा.

हा क्रम मला लक्षणीय वाटतो. बहुतेकांचा बाप्तिस्मा आधी होतो आणि पंगत नंतर, कित्येकदा तीन पिढ्यांनंतर, किंवा कधीच नाही. लक्ष्मीबाईंची पंगत आधी झाली. मिशनऱ्याने त्यांना ती सक्तीने घडवली नव्हती; टिळकांनीही आपल्या पंगतीला बसण्याचा आग्रह धरला नव्हता. त्यांच्या बाबतीत पाण्याचा विधी घडून गेलेल्या गोष्टीवरची सही होती. आणि एवढे होऊनही त्यांची भाषा, त्यांचा विनोद, म्हणी, ओव्या, फटकळपणा, स्वयंपाकघरातली मराठी जशीच्या तशी राहिली. मराठीतल्या सर्वश्रेष्ठ आत्मचरित्रांपैकी एक ख्रिस्ती बाईने लिहिले, आणि ते वाचताना लेखिका ‘परकी’ झाल्याचे कोणाला जाणवत नाही. जे मरायचे ते मेले होते, बाकीचे मरायचे काही कारण नव्हते.

स्वतः टिळकांनी तर आणखी पुढे जाऊन सांगितले की आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकारामाच्या पुलावरून. आजही मराठी मंडळ्या ‘उपासना संगीत’ उघडतात तेव्हा पानोपानी त्यांची गीते असतात. त्यांच्या आधी कृष्णराव सांगळ्यांनी अहमदनगरला ख्रिस्ती कीर्तन उभे केलेच होते. टिळकांनी अभंगाला ख्रिस्ताच्या अंगणात असे बसवले की तो तिथलाच वाटावा. पण टिळकांचे नाव निघाले की आपल्याकडे ‘भारतीयीकरण’ एवढाच विषय होतो, आणि टाळ-चिपळ्या आणल्या की काम झाले असे वाटू लागते. हे अर्धेच टिळक झाले. 1917 साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. अट ख्रिस्ताच्या अनुसरणाची. मिशनचा पगार, मिशनचा बंगला आणि मिशनची माणसे यांनी वेढलेल्या ख्रिस्ती समाजात ही मोठी उडी होती. दोनच वर्षांत, 9 मे 1919 रोजी, ते वारले आणि दरबार ओसरला. त्यांचे अभंग आपण ठेवून घेतले. दरबार ठेवून घ्यायला कोणी पुढे आले नाही, कारण गाणे स्वीकारणे स्वस्त असते.

पंडिता रमाबाईंचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे, आणि माझ्या मांडणीला ते सरळ बसत नाही, म्हणूनच ते टाळून चालणार नाही. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. इकडे महाराष्ट्रात गदारोळ उठला. ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेणारे जोतीराव फुले हा अपवाद. पण वाँटेजमध्येही सारे आलबेल नव्हते. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंडे घातलेला गोड पदार्थही त्यांना चालेना. गळ्यातल्या क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्ये कशाला, संस्कृतात का नकोत, असा त्यांचा सवाल. चर्चचे अधिकारी सांगतील तेवढे मुकाट मानायला तर त्या मुळीच तयार नव्हत्या. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटून दुसऱ्या जोखडाखाली मान द्यायची नाही, असा त्यांचा बाणा होता. त्यांच्या आध्यात्मिक पालक असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांना या साऱ्यात जातीचा ताठा दिसला.

सिस्टरांचा संशय अगदीच निराधार होता का? मला तसे म्हणवत नाही. शाकाहार ही आवड असू शकते, दया असू शकते, आणि ब्राह्मण्याची शेवटची तटबंदीही असू शकते. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. रमाबाईंचे 1887 चे गाजलेले पुस्तक उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयी होते. 1889 मध्ये मुंबईत उघडलेले शारदा सदनही मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी, आणि तिथे मुलींना आपापले जातिनियम पाळण्याची मोकळीक होती. पैसा देणाऱ्यांना, सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांना, मुलींच्या पालकांना सांभाळायचे म्हणजे हे आलेच. तडजोड म्हणून ती समजण्यासारखी आहे. पण बाप्तिस्मा होऊन सहा वर्षे झाल्यावरही त्या संस्थेत पाने वेगळीच होती.

नंतर काय घडले ते रमाबाईंनी स्वतः आपल्या 1907 च्या साक्षीत लिहून ठेवले आहे. त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे पुस्तक त्यांच्या हाती आले. हा पाळक व्यासपीठावर प्रवचन करता करता स्वतःच पालटला होता. ते वाचून रमाबाईंना प्रश्न पडला की आपले असे काही झाले आहे का. बुद्धीने धर्म तपासून, पटवून घेऊन, वाद घालून त्या ख्रिस्ती झाल्या होत्या. 1891 च्या सुमारास त्यांनी स्वतःला सोपवून दिले. ज्यांना अशा अनुभवांची भाषा अवघड वाटते त्यांनी नंतरच्या घटनांकडे पाहावे. 1896 ला दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण अन्नावाचून भटकताना गेले होते. दुष्काळ म्हणजे काय ते त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि मुली घेऊन आल्या. जात विचारून आणल्या नाहीत. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले, गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. आजारी, उवांनी भरलेल्या, अत्याचार सोसलेल्या, आंधळ्या मुली. त्यांनी विणकाम केले, तेलाचा घाणा चालवला, छापखान्यात खिळे जुळवले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर याच बायकांच्या हातून छापले गेले. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, तेव्हा ते काम जेमतेम पुरे झाले होते.

रमाबाई शेवटपर्यंत पांढऱ्या सुती साडीतच राहिल्या, आहारही तोच. बदलले ते पंगतीत कोण बसते हे. उच्चवर्णीय विधवेपासून दुष्काळातल्या अनामिक पोरीपर्यंतचा प्रवास 1883 च्या पाण्याने झाला नाही, 1891 नंतरच्या शरणागतीने झाला, असे मला वाटते. म्हणून, आतला पालट वगैरे थोतांड आहे, सामाजिक काम तेवढे खरे, असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. केडगाव उभे करायला लागणारे बळ समाजसुधारणेच्या समितीतून आले नसते. शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातले बरेच जण 1893 मध्येच, मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात या तक्रारीवरून, बाहेर पडले होते.

आता पंगतीचा कडू भाग. टिळक, रमाबाई, नीळकंठशास्त्री गोरे, बाबा पदमनजी ही नावे आपण अभिमानाने घेतो, पण महाराष्ट्रातला प्रोटेस्टंट समाज या नावांनी बनलेला नाही. नगर, जालना, सोलापूर या भागांतल्या मंडळ्या बहुतांशी महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आल्या. त्यांच्यासाठी बाप्तिस्मा म्हणजे वडिलोपार्जित वाडा गमावणे नव्हते. शाळा, पाटी, दवाखाना आणि कोणीतरी आपल्याला नावाने हाक मारणे होते. ‘तांदळासाठी ख्रिस्ती’ असा टोमणा त्यांना अजून ऐकावा लागतो. ज्याने कधी उपाशी पोराला झोपवलेले नाही त्यानेच हा टोमणा मारावा, हे आपल्याकडे ठरूनच गेले आहे. भुकेल्याने भाकर देणाऱ्याचा देव विचारला तर त्यात खोटे काय आहे, हे मला कधी कळलेले नाही.

पण आत आल्यावर काय झाले? मदुरेला 1606 साली पोहोचलेल्या रॉबर्ट डी नोबिलीने ब्राह्मण संन्याशाचा वेष घेतला आणि उच्चवर्णीयांसाठी वेगळे मिशनरी, खालच्यांसाठी वेगळे, अशी वाट पाडली. पोशाखाबाबतची त्याची उदारता कौतुकाची, पण तिच्याबरोबर भिंतही आली. तिरुनेलवेलीकडच्या वडक्कनकुळम येथे चर्चच्या इमारतीतच जातवार दोन दालने आणि मधे भिंत होती, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पडली. प्रोटेस्टंटांनी निदान भांडण तरी केले. बिशप डॅनियल विल्सन यांनी 1833 मध्ये तंजावरच्या मंडळ्यांना जातभेद ताबडतोब सोडायला सांगितले, तर पुष्कळ लोक चर्चच सोडून गेले. 1850 मध्ये मद्रासच्या मिशनऱ्यांनी ठरवले की जो कोणाच्याही हातचे जेवायला तयार नाही त्याला मंडळीत घेऊ नये. या ठरावात मला पौलाचा आवाज ऐकू येतो. तो सगळीकडे टिकला नाही, ही वेगळी गोष्ट.

महाराष्ट्रात पंगत एक झाली, पण रोटीपाशीच थांबली. प्रभुभोजनाचा प्याला सगळे घेतात. मुलीचे स्थळ पाहताना मात्र पूर्वाश्रमीची वस्ती विचारली जाते, उघड नाही तर आडून. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती घरांत सोयरिकी किती झाल्या, हे ज्याने त्याने आपल्या मंडळीच्या विवाहनोंदवहीत पाहून घ्यावे. डॉ. आंबेडकरांनी मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या निबंधांत ख्रिस्ती समाजावर हेच आरोप ठेवले आहेत: जात बरोबर नेली, आणि अन्यायाविरुद्ध उठण्याची धमक मिळवली नाही, कारण मिशनऱ्यांनी दुःखाचे मूळ पापात दाखवले, समाजरचनेत दाखवलेच नाही. हे वाचून आमच्यातले बरेच जण रागावतात. मला त्यातला पहिला आरोप पूर्ण आणि दुसरा निम्म्याहून अधिक मान्य आहे. स्वतः आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा दिली तेव्हा 22 प्रतिज्ञा म्हणून घेतल्या. काय सोडायचे ते नावानिशी. आमच्या बाप्तिस्म्यातही उमेदवाराला विचारतात की सैतान आणि त्याची सर्व कामे यांचा तू त्याग करतोस काय. तो हो म्हणतो. त्या कामांची यादी या देशात कुठून सुरू होते, हे कोणी त्याला सांगत नाही.

यातला सर्वांत मोठा उपरोध सरकारी कागदात आहे. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूंखेरीज इतरांना या यादीतून वगळले. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध आत आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये ही अट काढावी असे सुचवले, 2022 मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्याकडे नवी चौकशी दिली गेली. सरकारचा युक्तिवाद असा की ख्रिस्ती धर्मात जात नाही, तेव्हा बाप्तिस्म्याबरोबर माणसाची जात संपते. म्हणजे चर्चने दिलेला शब्द चर्चपेक्षा सरकारनेच जास्त मनावर घेतला! परिणाम काय, तर हजारो घरांत दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा. या लोकांना आपल्याकडे ढोंगी म्हणायची पद्धत आहे, बाहेरही आणि व्यासपीठावरूनही. माझे मत उलट आहे. गावाने ज्याला विहिरीवरून हाकलताना बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नाही, त्याच्याकडे शिष्यवृत्तीच्या वेळी तो मागणे हा अन्याय आहे, आणि त्या अन्यायाचा भार एकट्या विद्यार्थ्याच्या विवेकबुद्धीवर टाकणे हा दुसरा. ज्या पाळकाला ते खोटे बोलणे खुपते त्याने आधी दिल्लीला जाणाऱ्या मोर्चात चालावे.

एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो माझ्याच माणसांचा आहे. नवा जन्म ही आत्म्याची गोष्ट. प्रार्थना, वचन, पवित्र जीवन, क्षमा, दारू सुटणे, संसार सावरणे, यांत ती दिसते. तुम्ही तिला रोटी-बेटीच्या तराजूत का घालता? दारू सुटून सावरलेली घरे मीही पाहिली आहेत आणि त्या बदलाला मी कमी लेखत नाही. पण दारू सोडणे कोणत्याही धर्मात, किंवा धर्माशिवायही, जमते. खोटे बोलू नये, चोरी करू नये, हे शेजारच्या वारकऱ्यालाही ठाऊक असते आणि पुष्कळदा तो ते आमच्याहून बरे पाळतो. ख्रिस्ती श्रद्धेचा दावा याहून मोठा आहे: ज्यांना एकत्र येण्याचे काही कारणच नव्हते त्यांचा एक देह होतो. अनेसिम हा पळालेला गुलाम. पौल त्याला मालकाकडे, फिलेमोनाकडे, परत धाडतो आणि लिहितो की त्याला भाऊ म्हणून घे. फिलेमोनाने रोज चार तास प्रार्थना केली असती आणि अनेसिमाला ओसरीवर जेवायला वाढले असते, तर त्या प्रार्थनेचे आपण काय करणार होतो?

संस्कृती जपण्याच्या बाबतीत वसईचा दाखला थोडा वेगळा आहे. तिथल्या कॅथलिक समाजाने वेष, बोली, वाड्यांचे जीवन बरेचसे राखले, आणि तिथूनच आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुबोध बायबल’ लिहिते झाले, पर्यावरणासाठी आणि गुंडगिरीविरुद्ध रस्त्यावर उतरले. 2020 मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही धर्मगुरूला अध्यक्ष का केले म्हणून कुरबुर झाली. इतकी मराठी लिहूनही पुरेसे मराठी ठरायला काही उरतेच. संस्कृती जपली म्हणजे आपल्याला आपले मानतील, ही आशा ज्यांनी धरली आहे त्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. अभंग गायचा तो आपला आहे म्हणून, दाखला मिळावा म्हणून नव्हे.

तेव्हा पाळकांना आणि वडीलमंडळाला माझी विनंती साधी आहे. बाप्तिस्म्याच्या आणि दृढीकरणाच्या तयारीच्या वर्गात दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना शिकवताच. त्यात आणखी दोन प्रश्न घाला आणि उत्तर सर्व मंडळीसमोर घ्या. तू कोणाच्याही घरी, कोणाच्याही हातचे जेवशील काय? आणि तुझ्या मुलाने किंवा मुलीने मंडळीतल्या कोणत्याही घरची सोयरीक आणली, तर पूर्वाश्रमीची जात न विचारता तू लग्नाला उभा राहशील काय? ज्याला हो म्हणता येत नाही त्याला घालवून देऊ नका, वर्गात ठेवा. पेत्रालाही वेळ लागला होता. पण तोवर त्याला बाप्तिस्म्याचे पाणी देऊ नका. आणि हे प्रश्न विचारायच्या आधी वडीलमंडळातल्या प्रत्येकाने त्यांची उत्तरे स्वतः, आपल्या घरच्या लग्नाच्या पत्रिका समोर ठेवून, द्यावीत.